हवाबंद

प्रयोगशाळेतले सगळे जेवायला गेलेले पाहून थोरलीने हवाबंद बरणीचा स्क्रू सैल केला. बारीकसा फुस्स आवाज झाला. तिच्या जिवाला थंडावा मिळाला.

आत सरांचे लाडके जिवाणू होते. हवा असली की ते आपल्या आवरणात काही प्रथिनं बसवतात, हवा तोडली की ती मोडीत काढून दुसरीच घडवतात. हा फरक थोरलीने शोधला होता, डोळ्यांत तेल घालून. शोधनिबंध छापून आला तेव्हा वर नाव एकट्या सरांचं; तिचं शेवटी आभारांत, तेही काचसामान धुणाऱ्या मावशींच्या खाली. आता सोमवारी अनुदान देणारी मंडळी यायची होती आणि सर त्यांना तोच फरक ताज्या प्रयोगातून दाखवणार होते. दाखवा म्हणावं खुशाल! संध्याकाळी निघताना तिने स्क्रू पुन्हा आवळला.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रथिनांच्या रेघा उमटलेली पट्टी उजेडात धरली. हवेतल्या आणि बिनहवेच्या, दोन्ही रांगा जुळ्या बहिणींसारख्या. सरांचा चेहरा पडला. थोरलीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मग सर धाकटीकडे वळले. ही प्रयोगशाळेत नुकतीच आलेली मुलगी, थोरलीला ताई म्हणायची. बरणी भरून बंद करायचं काम तिचं होतं, हे सुडाच्या भरात थोरलीच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात; इथे सुक्याला धगही लागली नाही. झाकण दोनदा तपासलं होतं, असं धाकटी सांगत राहिली. सरांनी ऐकून घेतलं नाही. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले.

"ताई, तुम्ही सांगा ना त्यांना," धाकटी थोरलीकडे वळून म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला. मी नीट आवळलं होतं."

खरं काय ते थोरलीच्या अगदी ओठांवर आलं.

"सोमवारच्या आत प्रयोग पुन्हा करून द्याल?" सर थोरलीला म्हणाले. "या खेपेला पहिलं नाव तुमचं."

धाकटी अजून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"जाताना बरणी तेवढी धुऊन ठेव," थोरली तिला म्हणाली.