दोन तासांची मुदत

गंजाड गावातल्या नवशीच्या शेळीला सकाळी मेलेलं करडू झालं. दुपारी शेजारच्या पुष्पाची शेळी व्याली आणि मेली. तिचं करडू तेवढं वाचलं. नवशीने ते उचलून आणलं आणि आपल्या शेळीच्या सडाला लावलं. शेळीने त्याला हुंगलं आणि ढुशी मारून उडवलं.

तिसऱ्या दिवशीही तेच. नवशी शेळीला खांबाला बांधायची, मागचे पाय धरून करडाला पाजायची आणि लाथा खायची. दिवसातून पाच वेळा.

पशुवैद्यकीय कॉलेजातून सुट्टीला आलेल्या तिच्या मुलीला, दक्षाला, ते बघवेना.

"आये, ती नाही घेणार त्याला. व्याल्यावर शेळीच्या अंगात एक हार्मोन वाढतं. त्या जोरावर ती पिल्लाचा वास शिकते, तिची भीतीही कमी होते. पण ते दोनेक तासच. तेवढ्यात जे पिल्लू जवळ असेल ते तिचं. नंतर आलेलं परकं."

"असं पुस्तकात आहे?"

"आहे. आणि कॉलेजच्या गोठ्यात मी डोळ्यांनी पाहिलंय. सोड आता, बाटलीने पाजू."

नवशीने करडू पुन्हा सडाला लावलं.

"मी तर व्यालेच नाही," ती म्हणाली. "तुझी आई गेली आणि तू माझ्या ओटीत आलीस, तेव्हा तुला चार दात होते. पहिल्याच दिवशी हाताला चावलीस, रक्त काढलंस. सोडलं का मी तुला? आता बघत बसू नको, शेळीचे पाय धर."