साडेअकराचा भोंगा

"बंद कर ती बोंब!" ऑस्ट्रेलियातल्या कॅलगूर्लीच्या सोन्याच्या खाणीचा मुकादम ग्लेन दार लाथाडून आत आला. "एकशे सत्तावीस अंश दाखवतोय तुझा लिनक्सवाला संगणक. एवढं तापलं असतं तर डबडं वितळलं असतं. उद्यापासून येऊ नकोस." संगणक सांभाळणारी नोरीन हललीही नाही. "तो सेन्सर कशालाच जोडलेला नाही, थंडीतही एकशे सत्तावीसच बरळतो. बोंब प्रोसेसरची आहे. रोज साडेअकराला साठवरून अठ्ठ्याण्णववर चढतो, जेवणाच्या सुट्टीत उतरतो. खाली खाणीत तेवीस माणसांना हवा देणारे पंखे हेच यंत्र चालवतं." "साडेअकराला काय सूर्य वेगळा उगवतो?" "तेच बघते." त्याला ढकलून तिनं यंत्राचं कपाट उघडलं. गरम वारा सोडणारी जाळी फॉइलच्या पुडीनं झाकली होती. ती उचलली, आकडा उतरला, भोंगा गप्प झाला. पुडीवर मार्करनं लिहिलं होतं: ग्लेन. "सॉसेज रोल गरम झालाय. सॉस देऊ?"