पिचर हणमंतची हजेरी

"अनुभवाच्या पत्रावर ‘बेसबॉल खेळाडू’ लिहा, एवढंच म्हणतोय साहेब." हणमंत तिसऱ्यांदा तेच म्हणाला.

श्यामकांतने टेबलफॅन स्वतःकडे वळवला. फरीदाबादच्या त्या कारखान्यात माणूस घ्यायचा कागद आणि काढायचा कागद, दोन्ही त्याच्याच सहीने निघत. "लिहिलं असतं यार. पण असं पदच नाही कंपनीत. तू हेल्पर, पॅकिंग."

पॅकिंगमध्ये हणमंतने एक खोकं बांधलं नव्हतं. जपानी भागीदारांना खूश करायला कंपनीने बेसबॉलची टीम काढली आणि साताऱ्याहून त्याला पिचर म्हणून आणलं. चेंडू फेकायचा पगार मिळतो म्हटल्यावर गाव म्हणालं, हा नुसता फेकतोय. अकरा महिन्यांत जपानी निघून गेले. मैदानात फ्लॅटचे खांब उभे राहिले. रेल्वेच्या खेळाडू भरतीची मुदत उद्या संपत होती आणि पगारी खेळाडू होतो याचा कागद हवा होता.

प्रत्येक मॅच तुम्ही पहिल्या रांगेत बसून समोसे खात पाहिलीत, हे हणमंतने त्याला तोंडावर सांगितलं. श्यामकांत म्हणाला, पाहिलेलं म्हणजे रेकॉर्ड नव्हे. आणि रेकॉर्ड काय असतं ते दाखवायला त्याने हजेरीपट पुढे सरकवला.

"बघ. अकरा दिवस न सांगता गैरहजर. मराठी माणूस म्हणून हे पत्रात घालत नाहीये."

हणमंत एकेका लाल फुलीवर बोट ठेवत गेला. सगळ्या मॅचच्या तारखा. मॅचच्या दिवशी टीमची बस सकाळी सहाला सुटायची. हजेरी आठला लागायची.

"घाला," तो म्हणाला.

"काय घालू?"

"गैरहजेरी. सगळ्या तारखा, शिक्क्यासकट. स्कोअरशीटवर माझं नाव आहे, तारखा आहेत. रेल्वेवाले जुळवून बघतील."

डोकं फिरलंय तुझं, असं श्यामकांत म्हणाला. पण बिल्कुल नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. खेळाडू लिहायला वरची मंजुरी लागत होती, कामचुकार लिहायला लागत नव्हती. पाच मिनिटांत टाइप होऊन, शिक्का बसून पत्र हातात आलं.

हणमंतने ते दारात उभं राहून वाचलं. मग परत टेबलाशी आला.

"चौदा फेब्रुवारी राहिली साहेब. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त गैरहजर होतो. नऊ जणांना बाद केलं होतं."