चौदा नंबरचा प्रश्न

"तोंडात काय आहे तुमच्या?"

आत्माराम सरांनी विचारलं, तेव्हा जोआनाने गालातली लवंग चटकन दुसऱ्या गालात सारली. चोरी पकडली गेल्यासारखी.

"लवंग, सर. सलग दोन तास घेतले ना आत्ता, घसा बसला."

"लवंग," सर म्हणाले, आणि समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी काहीतरी टिपून ठेवलं.

आत्माराम सर चंदनसारच्या या शाळेचे सचिव. समोरच्याने नुसता नमस्कार केला तरी याला काय हवंय, असा विचार करणारा माणूस. शेजारच्या खुर्चीत मुख्याध्यापिका विनिता मॅडम. मघाशी त्यांनीच मागच्या बाकावर बसून जोआनाचा मराठीचा पाठ ऐकला होता. तास संपला तरी सातवीची पोरं जागची हलेनात, हेही पाहिलं होतं. नोकरी जवळपास झालीच होती. तीही कायमची! जोआनाने चार वर्षं तासिका तत्त्वावर काढली होती आणि दर एप्रिलला ती घरी बसली होती. राहिला होता फक्त हा अर्ज.

"चौदा नंबर. मद्यपान करता का? इथे तुम्ही 'हो' लिहिलंय."

"हो, सर."

"चुकून?"

"नाही. आमच्यात लग्नाला टोस्ट असतो, तेव्हा घेते. आणि नाताळला. एक पेला वाईन. आई घरीच करते, द्राक्षांची."

झालं! सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घरीच करते. म्हणजे घरात साठा असतो."

"एक बरणी असते, सर. लोणच्याची असते ना, तेवढी."

"एक पेला म्हणणारे चार घेतात, हा माझा अनुभव आहे." हा अनुभव त्यांना कुठे आला, ते त्यांनी सांगितलं नाही. "आणि मला एक सांगा. घेणारा माणूस कधी लिहून देतो का? तुम्ही दिलंत. याहून मोठं काहीतरी लपवायचं असल्याशिवाय कोणी आपणहून एवढं सांगत नाही."

आता मात्र जोआनाला राहवलं नाही.

"सर, गेल्या वर्षी एका शाळेत मी 'नाही' लिहिलं होतं. तिथले म्हणाले, सांडोर गावची ख्रिश्चन मुलगी आणि घेत नाही? पहिल्याच कागदावर खोटं बोलते! आज खरं लिहिलं, तर तुम्ही हे म्हणता. मग मी लिहायचं तरी काय?"

विनिता मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. तो ऐकून जोआना जास्तच सावध झाली. ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवली.

"हे घ्या. खोडा, वर 'नाही' लिहा, खाली सही करा. पाठ चांगला झालाय म्हणतात तुमचा. एका शब्दापायी कशाला हातची नोकरी घालवता?"

सहीच्या जागेवर छापलं होतं, 'वरील सर्व माहिती खरी आहे.' जोआनाने बाटलीकडे पाहिलं, मग सरांकडे. हा सापळा तर नाही? खोडलं तर लबाड, नाही खोडलं तर दारुडी.

"उद्या कुणी विचारलं, हे का खोडलंय, तर?"

"कोण विचारणार? आमच्या तेवीस शिक्षकांत घेणारं एकही नाही. बघा, तुमच्या डोळ्यांनी बघा." सरांनी कपाटातून जाड फाइल काढली आणि अंगठा ओला करून पानं उलटायला लागले. "हे बघा, नाही. हे, नाही. नाही."

जोआना वाकून पाहत होती. पान उलटत होतं, तसं तिला दिसत गेलं. प्रत्येक अर्जावर चौदा नंबरला व्हाइटनरचा वाळलेला पांढरा डाग होता आणि त्या डागावर 'नाही' लिहिलेलं होतं. सगळ्यात खालच्या अर्जावर विनिता मॅडमची सही होती. डाग तिथेही होता.

"सर, हे तर सगळे खोडलेले आहेत."

"असू देत की." सर पहिल्यांदाच हसले. "खाली काय होतं, ते मला एकट्याला ठाऊक. म्हणून तर शाळेत शिस्त आहे."

जोआनाला शिसारी आली. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली परत त्यांच्याकडे सरकवली. 'हो' तसाच ठेवून तिने खाली सही केली.

"ठीक आहे," सर म्हणाले. "कळवू आम्ही."

कळवू म्हणजे काय, ते तिला पाठ होतं. ती पर्स घेऊन उठली. दारापर्यंत पोचली, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझा अर्ज द्या जरा," विनिता मॅडम म्हणाल्या. सरांनी देण्याची वाट न बघता त्यांनी फाइलच आपल्याकडे ओढली, शेवटचं पान काढलं आणि चौदा नंबरवरचा डाग नखाने खरवडायला लागल्या. टेबलाच्या काचेवर पांढरा भुगा पडत होता.

"मॅडम, काय करताय हे?" सर खुर्चीतून अर्धवट उठले.

मॅडमनी मान वर केली नाही.

"जोआना, सोमवारी सात वीसला शाळा भरते, वेळेवर ये. आणि जाता जाता स्टाफरूममध्ये डोकाव. सगळ्यांना सांग, फाइल उघडी आहे."