दारातला डाग

माझी तीस वर्षांची जुनी स्पोर्ट्स कार उभी राहील तिथे तेल गाळायची. समोर एकट्या राहणाऱ्या वाकुईबाई रोज सकाळी बेल वाजवून झापायच्या, "नेझूसान, गाडी आहे की गळकी किटली? पुसा आधी ते!" दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस.

शेवटी आठ लाख येनांवर पाणी सोडून इंजिन उतरवायला गाडी गॅरेजात दिली. "दोन महिने तरी लागतील," मेकॅनिक म्हणाला.

आठ दिवस बेल वाजली नाही. नवव्या सकाळी वाजली.

"नेझूसान, परत तेल सांडलंय तुमच्या गाडीचं!"

मी रिकाम्या जागेकडे पाहिलं. "चुकलं हं," म्हणत फडकं घेऊन वाकलो.



डागाला तिळाच्या तेलाचा वास येत होता.