नदीकडे वळवलेली अँटेना

सीतारामकाकांनी शिडी काढून घेतली तेव्हा शर्मिला पत्र्यावर गुडघे टेकून शेवटचा नट आवळत होती. लोखंड भिंतीला घासल्याचा आवाज झाला म्हणून तिनं वळून पाहिलं. काका शिडी खांद्यावर टाकून गल्लीत उभे होते.

“काका, शिडी?”

“माझी आहे. मला वाटलं डिश लावतेस, म्हणून दिली. डिश आभाळाकडे बघते. हे काय आहे?”

घर तिच्या आईचं, वस्तीतलं नदीकडचं शेवटचं. मागची बाजू थेट मुठेकाठच्या दगडी बांधावर उभी. आई कामाला गेली होती. शर्मिला आता कोथरूडला राहायची, हिंजवडीत नोकरी करायची. पण अँटेना लावायची तर इथंच, हे तिचं केव्हाच ठरलं होतं. पाइपाच्या टोकाला बशीएवढी पांढरी चकती होती, आणि तिचं तोंड नदीकडे होतं.

“पाणी मोजायचं यंत्र आहे, काका.”

दोन-चार बायका दारात आल्या. मोजणी हा शब्द वस्तीत कितीही हळू बोलला तरी ऐकू जायचा. दोन वर्षांपूर्वी काही माणसं तिपाईवर दुर्बीण ठेवून अशीच मोजून गेली होती. पाठोपाठ भिंतींवर लाल आकडे आले, पूररेषा आली, आणि खालची अख्खी आळी टेम्पोत बसून शहराबाहेर गेली.

“पाणी येतं आणि जातं,” काका म्हणाले. “मोजणारे आले की आपल्याला जावं लागतं. ते काढ, मग शिडी लावतो.”

“काढणार नाही. आणि मला तसंही एवढ्यात उतरता येत नाही. एक उपग्रह पलीकडच्या काठावर खाली यायला लागलाय. तो मावळेपर्यंत बसावं लागेल.”

“बस की. शिडीला कुठं घाई आहे.”

ती बसली. पावसानं उघडीप दिली होती आणि पत्रा चांगलाच तापला होता. तिनं बॅग बसायला अंगाखाली घेतली, ओढणी डोक्यावर ओढली आणि लॅपटॉप मांडीवर उघडला.

गाड्यांना रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांचा सिग्नल अँटेनावर सरळ येतो, तसाच नदीच्या पाण्यावर आपटूनही येतो. आपटून येणाऱ्याची वाट लांबची. पाणी चढलं की ती आखूड होते, आणि त्या फरकावरून पाणी किती खाली आहे ते काढता येतं. पाण्यात काही बुडवावं लागत नाही, त्यामुळे पुरात काही वाहून जात नाही. कंपनीत शर्मिलाचं काम नेमकं हा आपटून आलेला सिग्नल गाळून टाकायचं होतं. तिथल्या वरिष्ठांच्या लेखी तो कचरा. सुट्टीच्या दिवशी ती तोच कचरा वेचायला आली होती.

पडद्यावरची रेघ लाटांसारखी वरखाली होत राहिली आणि मग थांबली. आकडा आला. तिनं दोरीला पाना बांधला, चकतीपाशी दोरी धरून पाना बांधापलीकडे सोडला, तो पाण्याला टेकताच हातातल्या जागी दोरीला गाठ मारली आणि दोरी वर ओढून मोजली. दोन बोटांचा फरक. तिनं दोरी पुन्हा सोडली. पुन्हा दोनच बोटं.

“जमलं,” ती म्हणाली. ऐकायला जवळ कुणी नव्हतं, तरी म्हणाली.

काका अजून तिथंच होते. “म्हणजे आता हा आकडा मोजणीवाल्या साहेबांना मिळणार.”

नाही म्हटलं असतं तर शिडी तेवढ्यात लागली असती.

“मागितला तर मिळेल,” ती म्हणाली. “तो लपवून ठेवता यायचा नाही. पण काका, आकडा नव्हता तेव्हाही त्यांनी रेघ मारलीच की. अंदाजानं मारली. पुढच्या खेपेला भांडायला आपल्याकडे आपलं मोजमाप असेल.”

काकांनी शिडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

समोरच्या खिडकीतून आवाज आला. इंदुबाई, काकांची बायको. कमरेखालचं अंग गेल्यापासून त्यांची खाट खिडकीला लावलेली असायची, त्यामुळे गल्लीतलं सगळं त्यांना ऐकू यायचं.

“शर्मे, पाणी चढायला लागलं तर किती आधी कळंल गं?”

“बांधाच्या मधल्या दगडाला लागलं की सगळ्यांच्या फोनवर निरोप जाईल, काकू. सगळे झोपलेले असले तरी. तिथून उंबऱ्याला यायला पाण्याला अर्धा तास तरी लागतो.”

“अर्धा तास,” इंदुबाई म्हणाल्या. “मागल्या वेळी मी जागी झाले ती अंथरूण भिजल्यावर.”

काकांनी शिडी भिंतीला लावली, हलवून पाहिली आणि खालची पायरी पायानं दाबून धरली.

“पहिला निरोप माझ्या फोनवर,” ते वर न बघता म्हणाले. “नंबर घे.”

शर्मिलानं नंबर घातला, पुन्हा वाचून दाखवला, आणि मगच ती उतरायला लागली.

“आणि उद्या साहेब दारात आले म्हणजे?” दारातली एक बाई म्हणाली.

“येऊ देत,” खिडकीतून इंदुबाई म्हणाल्या. “माझी खाट उचलायला चौघं लागतात. दर वेळी तिघंच सापडतात. चौथा त्यांच्यातला घेऊ.”