आधी काम दाखवा

"ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, काकू. आधी काम दाखवायचं, मग दर सांगायचा."

कॅमेरे बसवणाऱ्या मोरेश्वरने सराफ पेढीच्या मालकीणबाईंपुढे मोबाइल धरला. सोळा कॅमेऱ्यांचं हे काम मिळालं, तर त्याची टपरी सुटून गाळा होणार होता.

पडद्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचं दुकान थेट दिसत होतं. गल्ल्यावर शेठ बनियनवर डुलक्या घेत होते.

"चित्र स्वच्छ आहे हो. बनियनचं भोकसुद्धा दिसतंय," काकू म्हणाल्या. मोरेश्वर खुलला.

"आणि उद्या माझी पेढी कुणाला दाखवणार?"

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न आला नव्हता. मान खाली घालून तो एकेका गिऱ्हाइकाचं दुकान मोबाइलमधून काढून टाकू लागला. काकू चष्मा लावून बघत राहिल्या. अकरावं, शेवटचं दुकान गेल्यावर त्यांनी चहा सांगितला.

"हां. आता सांगा दर."